का सुटत नाही

दिनानाथ गुरुजींचा वर्ग शाळेच्या अगदी टोकाला होता, खाडीच्या अंगाला. खिडकी उघडली की चिखलाचा वास आत यायचा आणि भरती असली की मचव्यांवरच्या खलाशांच्या हाका ऐकू यायच्या. पनवेलच्या त्या शाळेत पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग गुरुजींनी कित्येक वर्षं एकत्रच सांभाळले. हेडमास्तर अधूनमधून वरचे वर्ग घ्या म्हणायचे, पण गुरुजी हसून विषय बदलत. त्यांना लहान पोरांतच करमायचं. बेरीज ते चिंचोक्यांवर शिकवत, वजाबाकीला तेच चिंचोके पोरांच्या मुठीतून काढून घेत, आणि मग पोरं खरोखरची रडकुंडीला येत. छडी त्यांच्या वर्गात नव्हती. पाड्यावरून अनवाणी येणारी मिठागरातल्या मजुरांची पोरं आणि बाजारातल्या दुकानदारांची पोरं एकाच सतरंजीवर बसत.

एकच खोड होती. काळ्या कोटाच्या उजव्या खिशात तपकिरीची पितळी डबी असायची. फळ्यावर एक ओळ लिहून झाली की डबी बाहेर, झाकणावर बोटानं दोनदा टकटक, चिमूट नाकात, आणि मग दुसरी ओळ. त्यांचे रुमाल कमळाबाई वेगळे धुवायच्या आणि परसात मागच्या दोरीवर वाळत घालायच्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला ते डाग दिसू नयेत. नवराबायको दोघंच घरात. मूलबाळ झालं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी कमळाबाईंनी एकदा म्हणून पाहिलं होतं, की एवढी तपकीर सोडलीत तर बरं होईल. त्यावर गुरुजी म्हणाले होते, "अगं, ती काय, सवय आहे नुसती." त्यानंतर कित्येक वर्षं हा विषय घरात निघाला नाही.

पन्नास साली सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी आली. गुत्ते बंद झाले, आणि महिन्याभरातच खाडीच्या तिवरांत, पोलिसाचा पाय पडणार नाही अशा चिखलात, भट्ट्या लागू लागल्या. ऑक्टोबरात शाळांना हुकूम आला की दारूबंदीचा सप्ताह पाळायचा, लहान मुलांनाही दारूचे तोटे समजावून सांगायचे. हेडमास्तर गुरुजींना म्हणाले, "तुमची पोरं पोपटासारखी बोलतात. पाहुणे येतील तेव्हा त्यांच्याकडूनच वदवून घ्या."

गुरुजींनी फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढलं. तिरकी टोपी, हातात बाटली, पलीकडे रडणारी बाई आणि तिला बिलगलेली दोन मुलं. चित्र छान उतरलं. मग त्यांनी विचारलं, "दारू कोण पितो?" आणि उत्तरही स्वतःच दिलं, "ज्याला मुलांची माया नाही, तो." पोरांनी ते सुरात म्हटलं. पुन्हा म्हटलं. दुकानदाराचा गणू मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मैनाचा बापूस पितो."

सगळ्या माना मैनाकडे वळल्या. दुसरीतली पोर, सात-आठ वर्षांची, पाड्यावरची. ती पाटीवर एक आडवी रेघ ओढत होती, ती तशीच ओढत राहिली. पाटीची कड आली तरी पेन्सिल थांबेना, लाकडी चौकटीवर घासत गेली. गुरुजी गणूला "बस खाली" म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले.

दोनचार दिवसांनी मधल्या सुट्टीत एक माणूस वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. उंच, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, पायांना मिठानं पडलेल्या भेगा. डोक्याचा फडका काढून त्यानं हातात धरला होता. पाड्यावरची मोठी माणसं शाळेत कधी येत नसत.

"मैनाचा बापूस मी. महादेव."

"या ना. बसा."

तो बसला नाही. "पोर घरी येऊन बोलली, बा, तुना आमची माया नाय. गुरुजी बोललं."

गुरुजींच्या हातातली डबी हातातच राहिली. "मी कुणा एकाला म्हटलं नव्हतं, महादेव. सगळ्या मुलांना मिळून सांगितलं."

"तुमचं चुकलं असं नाय बोलत मी. पितो, ते खरं हाय. पोलिसाला भितो तरी पितो, बायकोला भितो तरी पितो. खंडोबाची शपत घातली, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घातली. सुटत नाय." तो फडका पिळत होता. त्याची बोटं थरथरत होती आणि ती थरथर त्याला लपवायची होती. "का सुटत नाय, ते मनाच कळत नाय. तर पोरीला काय सांगू? तुमी शिकलेले. तिला तेवढं समजावून सांगा. माया हाय, नि तरी सुटत नाय, असं कसं होतं, ते."

एवढं बोलून तो निघून गेला. घंटा झाली, पोरं आत आली, गुरुजींनी पाढे म्हणायला सांगितले. पाढे कोण चुकतंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी पुष्कळ विचार केला. दारूनं घर बुडतं, शरीर बिघडतं, अब्रू जाते, हे सगळं त्यांना सांगता येत होतं. त्यातलं काहीच महादेवानं विचारलं नव्हतं. कमळाबाई कंदील घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज डबी संपवूनच उठणार वाटतं." गुरुजींनी खाली पाहिलं. चिमटीत तपकीर होती. ती कधी घेतली, त्यांना आठवेना. किती वेळा घेतली, तेही आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरचं ते चित्र पुसून टाकलं. डबी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि पोरांना जवळ बोलावलं.

"ही काय आहे?"

"तपकीर!"

"मी ही पहिल्यांदा ओढली तेव्हा मला काय झालं असेल?"

पोरांनी शिंकून दाखवलं. वर्गभर हसू पिकलं. गुरुजीही हसले. "असंच झालं. डोळ्यांतून पाणी आलं, उलटी आली. मी परीक्षेला बसलो होतो. झोप येऊ नये म्हणून खोलीतल्या सोबत्यानं दिली. मग दुसऱ्या दिवशी घेतली तेव्हा जरा तरतरी आली. तिसऱ्या दिवशी मीच मागितली."

"मंग?" मैनानं विचारलं. त्या दिवसानंतर ती वर्गात पहिल्यांदाच बोलली होती.

"मग असं बघ. तुमच्या दारात एक भटकं कुत्रं आलं. तुम्ही हौसेनं त्याला भाकरीचा तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. पुन्हा टाकला. असं करता करता ते दारातच राहायला लागलं. आता एक दिवस भाकर टाकली नाही तर काय करेल?"

"भुंकंल!"

"भुंकेल. इतकं भुंकेल की तुम्हाला जेवण सुचणार नाही, झोप लागणार नाही. मग तुम्ही भाकर टाकाल. हौस म्हणून टाकाल का आता?"

पोरं विचारात पडली. गणू म्हणाला, "गप बसावं म्हणून."

"हां. मी चिमूट घेतो ती आता मजा म्हणून घेत नाही. तिचा अंमल उतरला की डोकं जड होतं, चिडचिड होते. घेतली की बरं वाटतं. बरं म्हणजे किती? तुम्हाला सकाळी उठल्यावर काही न घेता जेवढं बरं वाटतं ना, तेवढंच. तेवढ्यासाठी मला डबी लागते."

हे बोलताना त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"मंग भाकर टाकूच नका," मैना म्हणाली. "मरंल की ते."

"मरेल. पण मरेपर्यंत फार भुंकेल."

"भुंकू दे ना!" सगळा वर्ग ओरडला. "सोडा, गुरुजी, सोडा!"

त्या ओरड्यात गुरुजींना उत्साह चढला. माणूस कसा सोडतो, हे पोरांनी डोळ्यांनी पाहावं, मैनानं घरी जाऊन बापाला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डबी उचलली आणि मैनाच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही."

पोरीनं डबी दप्तरात तळाशी घातली आणि त्यावर पाटी ठेवली.

पहिला दिवस त्यांनी हसतखेळत काढला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. शिकवताना हात आपोआप खिशात जाई आणि रिकामा बाहेर येई. पोरं ते बघून खिदळत. आधी गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं. घरी आमटीत मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवलं. कमळाबाई अवाक झाल्या, कारण असं त्या घरात कधी झालं नव्हतं. झोप येईना. फळ्यावर ‘कमळ’ लिहिताना ‘ळ’ चुकला आणि गणू हसला, तेव्हा त्यांनी खडू त्याच्या अंगावर फेकला.

मग एक दुपार अशी आली की पाढ्यांचा तो गलका, खिडकीतून येणारा चिखलाचा वास, आणि कपाळात कुणीतरी खिळा ठोकत असावं तशी कळ, हे सगळं एकदमच त्यांच्या अंगावर आलं. ते मैनापाशी गेले.

"डबी दे."

"तुमीच बोललेव, देऊ नको."

"मी सांगतोय आता. दे."

तिनं दप्तर पोटाशी धरलं. तिला वाटलं, ही परीक्षाच आहे. तिच्या तोंडावर थोडं हसूही होतं. "नाय देनार."

गुरुजींनी तिला मारलं. उघड्या पंजानं, गालावर. आवाज वर्गभर झाला आणि पाढे थांबले.

मैना रडली नाही. तिनं दप्तर उघडलं, पाटी बाजूला काढली, डबी बाहेर काढली आणि गुरुजींच्या पुढे धरली. देताना तिनं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. तिच्या हातात कसलीही घाई नव्हती. असं काहीतरी काढून द्यायची तिला सवय असावी, तसं ते देणं होतं.

"माजा बा पन असंच करतो," ती हळूच म्हणाली. "आय बाटली लपवून ठेवाया देते. तो मारतो, मंग मी देते."

गुरुजी डबी घेऊन खुर्चीवर बसले. तिथंच, सगळ्या पोरांसमोर, त्यांनी झाकण उघडलं आणि चिमूट घेतली. मग आणखी एक. घ्यायची नाही असं त्यांना वाटत होतं, पण हात थांबला नाही. हळूहळू कपाळातली कळ उतरली, खिडकीतला उजेड नीट दिसायला लागला, आणि मैनाच्या गालावर उठलेली बोटंही दिसली.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग ते उठून पोरीजवळ जमिनीवर बसले.

"मैना, मी चुकलो."

ती पाटी दप्तरात परत घालत होती.

"तू माझी लाडकी आहेस. तरी मी तुला मारलं. माया कमी झाली म्हणून मारलं का?"

तिनं खांदे उडवले. मग विचारलं, "मंग बाला पन माया हाय?"

"आहे. तो स्वतः इथं येऊन मला सांगून गेला."

"मंग सुटंल का त्याची?"

साठ डोळे त्यांच्याकडे लागले होते. गुरुजींना हो म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग डबीकडे पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते बांधावरून चालत पाड्यावर गेले. महादेव घरीच होता. पोरीच्या गालाकडे बोट करून गुरुजींनी जे घडलं ते सांगितलं. महादेवाची बायको जनी चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. महादेव मात्र खाली बसला. शिकलेल्या माणसालाही हे होतं, हे ऐकून त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"मंग आपन दोघं करून बघू," तो शेवटी म्हणाला.

त्यानंतर दिवे लागायच्या वेळेला महादेव गुरुजींच्या ओटीवर येऊन बसायला लागला. ती त्याची भट्टीकडे जायची वेळ. गुरुजींनी डबी कमळाबाईंच्या ताब्यात दिली होती. दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसत. महादेवाला घाम फुटे, दात वाजत, आणि कमळाबाई न विचारता चहा आणून ठेवत. कप धरता येईना म्हणून त्या त्याला पितळेच्या वाटीत देत. बोलणं फार होत नसे. कधी महादेव मिठागराचं सांगे, की मीठ पिकवायच्या कोंडीचा तळ पायांनी कसा चोपावा लागतो, नाहीतर मीठ मातीचं निघतं. गुरुजी ऐकत आणि मनात डबीचा विचार करत. दिवाळी अशीच गेली. मैना शाळेत येऊन सांगायची, "काल बा घरी जेवला." एवढंच सांगायची आणि जागेवर जाऊन बसायची.

आधी गुरुजींची तपकीर पुन्हा सुरू झाली; कमळाबाईंकडून डबी त्यांनी परत मागून घेतली. महादेवाला कळू नये म्हणून ते तो येण्याआधी परसात जाऊन ओढत आणि तोंड धुऊन ओटीवर येत. महादेवानं ओळखलं असावं. तो हळूहळू एकेक दिवस चुकवायला लागला. शिमग्यात पाड्यावर ढोल वाजले, नाचणाऱ्यांच्या हातात बाटल्या फिरल्या, आणि महादेव ओटीवर आला नाही. होळीनंतरही आला नाही. कमळाबाई कित्येक दिवस चहाचं आधण त्याच्यापुरतं जास्त ठेवत राहिल्या.

पुढच्या वर्षी मिठाचा हंगाम ऐन भरात असताना तिवरातल्या भट्टीवर कुणीतरी दारूत काहीतरी मिसळलं. पाड्यावरचे तिघे ती प्यायले. दोघे वाचले. महादेव बांधावरून परत येताना म्हणाला, मला दिसत नाय. त्याला डोलीतून पनवेलच्या दवाखान्यात आणेपर्यंत त्याचं सगळं संपलं होतं.

तेराव्याला गुरुजी पाड्यावर गेले. बायका अंगणात बसल्या होत्या. महादेवाची चुलती भीमाबाई कुणालातरी सांगत होती, "पोरांची माया असती तं प्यायला असता काय?" जनी भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली नाही.

मैना पडवीत धाकट्या भावाला, शिवाला, मांडीवर घेऊन बसली होती. पोरगा चारपाच वर्षांचा. म्हातारीचं बोलणं त्यानं ऐकलं आणि बहिणीला विचारलं, "बाला आमची माया नव्हती?"

"होती."

"मंग का प्यायचा?"

मैनानं त्याला मांडीवर नीट ओढून घेतलं. "तू कोंडीतलं खारं पानी प्यायलेलास, आठवतं? मंग काय झालं?"

"तहान लागली."

"मंग तू काय केलंस? आनखी तेच प्यायलास. मंग आनखी तहान लागली. बाचं तसं झालं. त्याला तहान लागायची नि त्याच्या हाताशी खारं पानीच होतं. तहान लागली म्हनून कोनी वाईट होतं काय?"

शिवानं मान हलवली. त्याला किती कळलं कोण जाणे. गुरुजी दारात उभे होते, ते तसेच मागे सरले. एवढं नीट त्यांना त्या दिवशी सांगता आलं नव्हतं.

जाताना त्यांनी जनीला विचारलं, की मैनाला शाळेत पाठवत राहाल ना. जनी म्हणाली, "कसं पाठवू गुरुजी? टोपली कोन उचलंल?" त्या हंगामातच मैना आईबरोबर मिठाच्या टोपल्या वाहायला लागली. चौथी तिनं पाहिलीच नाही.

गुरुजी आणखी दहाबारा वर्षं शिकवत राहिले. तपकीर सुटली नाही. दरवर्षी सप्ताह आला की ते फळ्यावर चित्र काढत नसत. डबी टेबलावर ठेवत, आणि पोरं विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. मध्ये काही पालकांनी तक्रार केली की मास्तर मुलांसमोर आपल्या व्यसनाच्या गोष्टी सांगतात. हेडमास्तरांनी ताकीद दिली. गुरुजी हो म्हणाले आणि पुढच्या वर्षी तेच केलं.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते ओटीवर बसले असताना कमळाबाई धुण्याची बादली घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांनी त्यातला एक रुमाल वर काढला.

"शाळेतल्या पोरांना सगळं सांगितलंत म्हणे. का सुटत नाही ते."

"सांगितलं."

"मी इतकी वर्षं हे धुते. मला कधी सांगावंसं वाटलं नाही?"

गुरुजी रुमालावरच्या डागांकडे बघत राहिले. कमळाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग बादली खाली ठेवून त्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा आता. मला वेळ आहे."